रिकाम्या शेताला पाणी

माझ्या सासूबाईंनी एक अख्खा उन्हाळा रिकाम्या शेताला पाणी पाजलं. पेरलेलं काही नाही, उगवणार काही नाही, नुसती उघडी माती; आणि तिला कालव्याचं पाणी, दर पाळीला, न चुकता. दारं धरायला मी. दारं धरायची म्हणजे फावडं घेऊन चिखलात उभं राहायचं आणि एक सरी भरली की बांध फोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचं. शेतात पीक असलं तर हे काम करताना माणूस काहीबाही गुणगुणतो. पीक नसलं तर स्वतःशीच भांडायला लागतो. मी प्रत्येक पाळीला भांडत होते, आणि दर वेळी मीच हरत होते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. आमच्या घरात डोकं ठिकाणावर असलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी नाइलाजाने त्यांच्याकडेच बोट दाखवीन. त्याचाच तर मला संताप येतो. वेड्याने वेडेपणा केला तर सोडून देता येतो. शहाण्याने डोळे उघडे ठेवून केला की आपल्यालाही त्याच्या शेजारी फावडं घेऊन उभं राहावं लागतं.

सासूबाईंचा पंधरा-सोळा गाईंचा गोठा आहे. गल्लीत त्यांना ‘मुकादमीण’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत होता आणि त्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, लग्नाला आलेल्या. सासूबाईंनी गोठा चालवला, मुलीचं लग्न केलं, मुलाला शिकवलं (त्याचा काय उपयोग झाला ते पुढे येईलच), आणि हे सगळं करताना कुणापुढे गयावया केली नाही. दूध संघाच्या फाटकावर कितीही रांग असो, त्यांचा कॅन आधी आत जातो. रांग त्या मोडत नाहीत हो. त्या नुसत्या येऊन उभ्या राहतात आणि पुढचा माणूस आपणहून बाजूला होतो. बोलणं सगळं तोडून. गाईच्या पाठीवर मात्र त्यांचा हात इतका हळू फिरतो की आम्हाला घरातल्यांना हेवा वाटावा.

गोठ्यामागे, कालव्याला लागून, त्यांचं शेत. त्यात वर्षानुवर्षं एकच पीक, लसूणघास. गाई त्यावर जीव टाकतात. कापला की फुटतो, पुन्हा कापला की पुन्हा फुटतो, आणि दर फुटीला पाणी मागतो. घरात एक तोंड असं असतं ना, जे कधीच ‘पुरे’ म्हणत नाही, तसं ते पीक आहे.

आणि पाणी कुठलं? नदीचं. नदी तरी आमची कुठे आहे! ती वरच्या देशातून येते. तिकडे डोंगर, ढग आणि उठल्यासुटल्या पाऊस. कुणी न पेरता कमरेएवढं गवत उभं राहतं. मग ती पुलाखालून, म्हणजे सरहद्दीखालून, आमच्याकडे येते. इकडे पाऊस आलाच तर चपला न काढता दारातूनच परत जातो. म्हणून आम्ही बंधारा घालून नदी कालव्यात वळवली आणि कालवा गावोगाव फिरवला. प्रत्येक शेताला ठरलेल्या दिवशी ठरलेला वेळ पाणी, ती त्या शेताची पाळी. पहिली गावं भरपूर पितात, मधली कुरकुरत पितात, आणि कालव्याच्या टोकाला, ज्याला सगळे ‘टेल’ म्हणतात तिथे, कधी ओल पोचते, कधी नुसती बातमी.

आमच्या वन्संना दिली ती नेमकी टेलला. त्यांच्या घरची लिंबाची बाग आहे. यजमान दूर नोकरीला असतात, बाग त्या एकट्या बघतात.

तर एके वर्षी दूध संघाच्या हॉलमध्ये सभा झाली. कालव्याचे साहेब माइक घेऊन उभे राहिले. म्हणाले, दोन्ही देशांचा करार झालाय. पुलावर गवतावर कर नाही, फळांवर कर नाही. तुम्ही इथे नदीचं पाणी घालून चारा पिकवता, तिकडे तो पावसावर फुकट वाढतो. तर चारा तिकडून आणा. थंडीमुळे तिकडे लिंबू होत नाही, तर लिंबू इकडून पाठवा. एक ट्रक वाळलं गवत आलं की समजा कित्येक टँकर पाणी नदीत शिल्लक राहिलं! टाळ्या झाल्या, चहा झाला, आणि सगळे घरी जाऊन आपापल्या लसूणघासाला पाणी द्यायला लागले.

एकट्या सासूबाईंनी ते मनावर घेतलं. घरी येताना मला म्हणाल्या, “गवत म्हणजे तरी काय गं? उभं राहिलेलं पाणीच. त्यांच्याकडे ते फुकट उभं राहतं, तर आपण नदी उपसून कशाला उभं करायचं?” मी ‘हं’ म्हटलं. तो ‘हं’ मला फार महागात पडला, कारण दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन पुलावर गेल्या.

पुलाच्या आवारात वरच्या देशाचे ट्रक ओळीने उभे असतात. सासूबाई एकेका ट्रकपाशी जायच्या, गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसायच्या, आतलं गवत उपसून नाकाशी धरायच्या आणि मान हलवून पुढे व्हायच्या. एक दांडगा, मिशीवाला ड्रायव्हर वैतागला. म्हणाला, “मावशी, गवत आहे ते, अत्तर नाही.”

“बाहेरून सगळेच सुके दिसतात,” सासूबाई म्हणाल्या. “आतून कुबट निघालं तर गाईचं पोट कोण धरणार, तू?” आणि त्याच्याही गठ्ठ्यात हात घातला. वास घेतला, पुन्हा घेतला. “तुझंच दे.” त्या दिवसापासून तो आमचा गवतवाला झाला.

गाईंनी पहिले काही दिवस असहकार पुकारला. वाळलं गवत बघून माना फिरवायच्या आणि मागच्या हिरव्या शेताकडे तोंड करून हंबरायच्या. शेजारी येऊन सांगून जायचे, बघा, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. सासूबाई गाईंना म्हणायच्या, “खा. रुसायचं तर पोट भरून रुसा.” हळूहळू खायला लागल्या. दूध थोडं उतरलं, मग सावरलं. सासूबाईंनी लसूणघास मुळासकट काढून टाकला.

गोष्ट जुळलीसुद्धा होती. गवतवाला भरलेला ट्रक आमच्याकडे रिकामा करायचा, तिथून टेलला वन्संकडे जायचा, लिंबं भरायचा आणि वर जायचा. जाता-येता माल मिळाल्यामुळे भाडं निम्मं. गवत स्वस्त, लिंबाला गिऱ्हाईक, आणि आमच्या वाट्याचं पाणी पुढे टेलकडे, म्हणजे वन्संच्या झाडांकडे. इतकं सरळ होतं ते सगळं! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घोडं अडलं ते पाटकऱ्याच्या बुटाशी. पाटकरी म्हणजे कालव्यावरचा माणूस, पाळ्या सांभाळणारा. बिचारा स्वभावाने गरीब आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून येतो, शेतात बूट दाबतो आणि उचलून बघतो. चिखल लागला तर पाळी घेतली, धूळ लागली तर नाही घेतली. खात्याची पद्धतच तशी. आमच्या शेतात त्याने बूट दाबला, उचलला, आणि त्याचा चेहराच पडला.

“काकू, पाणी घेतलं नाही?”

“कशाला घेऊ? पीकच नाही.”

“पीक राहू द्या हो. लागोपाठ दोन पाळ्या कोरड्या गेल्या की पाळी कापतात, कायमची. मग पुढे पीक घ्यायचं म्हटलं तरी थेंब मिळायचा नाही.”

सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

ती पाळी त्यांना कशी मिळाली होती हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सासरे गेल्यावर दीर-भाऊबंद म्हणाले, बाईमाणूस दारं कशी धरणार, पाळी आमच्याकडे द्या. तेव्हा सासूबाई कालव्याच्या गेटवर जाऊन बसल्या. ऊन झालं, लोक जमले, भाऊबंद शिव्या देऊन गेले, बाई उठली नाही. शेवटी खात्याने पाळी त्यांच्या नावावर केली. आमच्याकडे जमिनीला किंमत नाही, पाळीला आहे. पाळी नसलेली जमीन म्हणजे नुसतं अंगण. ती पाळी त्यांनी मुलासाठी राखली होती आणि त्या सोडणार नव्हत्या.

म्हणून त्या उन्हाळ्यात रिकामं शेत, भरलेल्या सऱ्या आणि फावडं घेऊन मी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं, हातांनी ओतलं. आणि आम्ही एकटे नव्हतो, हे तर आणखी भयंकर. आमचं बघून आणखी दोन-चार घरांनी गवत आणायला सुरुवात केली होती, आणि तेही पाळी जाऊ नये म्हणून मोकळ्या मातीला पाणी पाजत होते. पुलावरून ट्रकच्या ट्रक गवत येत होतं, पाणी वाचवण्यासाठी; आणि वाचलेलं पाणी आम्ही इमानेइतबारे मातीत जिरवत होतो. कुणीतरी वरून हे बघत असेल तर त्याने कपाळावर हात मारून घेतला असेल.

टेलला त्या उन्हाळ्यात काहीच पोचलं नाही. वन्सं आल्या त्या थेट गोठ्यामागे गेल्या. मी शेतात उभी, पाणी चकाकतंय, आणि त्या बांधावर. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

“हे काय चाललंय?” त्यांनी मला विचारलं.

“आईंना विचारा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

स्वयंपाकघरात मायलेकींचं जे झालं ते गल्लीने ऐकलं. “माझ्या झाडांची पानं गळायला लागली,” वन्सं म्हणाल्या. “लिंबं बोराएवढी होऊन पडताहेत. पुढच्या पाळीला पाणी नाही आलं तर झाडं जातील, फळं नाही, झाडं! आणि तू मातीला पाणी पाजतेस?”

“पाळी गेली की गेली. पुन्हा मिळत नाही.”

“झाड गेलं तर मिळतं?”

“आवाज खाली कर.”

“तू आधी गेट खाली कर!”

खाण तशी माती. दोघींचे ओठ सारखेच घट्ट मिटतात, दोघींची मान सारखीच वर जाते. मी चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. शेवटी वन्संनी पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाल्या, “तुझा मुलगा, तुझी पाळी. मला काही नको. यापुढे मागणार पण नाही.” आणि खरोखरच, रोज संध्याकाळी येणारा त्यांचा फोन बंद झाला. सासूबाई फोनजवळून गेल्या की त्याच्याकडे असं बघायच्या, जसं काही त्यानेच अपमान केलाय.

मग गवतवाला आला. गठ्ठे उतरवून झाल्यावर डोकं खाजवत उभा राहिला. “मावशी, तिकडे टेलला माल नाही. रिकामा ट्रक वर न्यायचा म्हणजे मला परवडत नाही. पुढच्या खेपेला लिंबं असतील तर येतो. नाहीतर राम राम.”

माझा शिकलेला नवरा इतके दिवस मूग गिळून होता. आता त्याला कंठ फुटला. “आई, मी काय म्हणतो, पाणी देतोच आहोत तर लसूणघासच पेरू ना पुन्हा. ट्रक नको, पूल नको, कटकट नको.”

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं. सगळं होतं तिथे परत. नदीचं पाणी पुन्हा गाईच्या तोंडी, वन्संची झाडं सरपणात, आणि हॉलमध्ये टाळ्या वाजवून घरी गेलेले सगळे शहाणे ठरणार.

“सभेत ते साहेब बोलले ना?” सासूबाई म्हणाल्या. “मग ते निस्तरतील. चल गं.” ‘चल गं’ म्हणजे मी.

कालव्याच्या ऑफिसात पंखा गरगरत होता आणि साहेबांच्या टेबलावर काचेखाली करारावर सह्या करतानाचा फोटो होता. साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

“तुमचं शंभर टक्के बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण करार परराष्ट्र खात्याचा, आणि पाळीचा नियम आमच्या खात्याचा. नियम जुना, करार नवा.”

“सभेत तुम्हीच होतात ना?”

“ते मी शेती खात्याच्या वतीने बोललो.”

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “मग आत्ता कुणाच्या वतीने बसलायत?”

साहेब कसनुसं हसले. सासूबाई म्हणाल्या, “ते जाऊ दे. माझी पाळी माझ्या मुलीच्या शेताला द्या. ती टेलला आहे.”

“पाळी माणसाची नसते, काकू, जमिनीची असते. हलवता येत नाही.”

“मग मी नुसतं घेत नाही. गेट बंद ठेवते. पाणी पुढे जाईल.”

“पुढे जाईल, पण मधले पंप लावून ओढतील. पाळी तुमची, सोडलेली तुम्ही; त्यांना मी अडवू शकत नाही.” साहेबांनी चष्मा काढून पुसला. “पाळी कापली गेली तर गोष्ट वेगळी. कापलेल्या पाळीचं पाणी नियमाने टेलचं. मग वाटेत कुणी पंप लावला तर मी पंप जप्त करतो. पण तसं कोण करणार? आपल्या हाताने आपली पाळी कोण घालवतं!”

“म्हणजे गमावली तरच देता येते,” मी म्हटलं.

“नियम मी केला नाही हो, बाई. वर लिहिलंय मी. आदेश येईल.”

“झाडं असेपर्यंत येईल का?” मी विचारलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

परत येताना आम्ही कालव्याच्या कडेने चालत होतो. मी तोंडाचा पट्टा सुटल्यासारखी बोलत होते, त्या साहेबावर, खात्यावर, बुटावर, माझ्या नशिबावर. सासूबाईंनी मध्येच थांबून पाण्यात हात बुडवला आणि ओला हात चेहऱ्यावरून फिरवला. मग चालायला लागल्या.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. “पाळी माझ्या नावावर आहे, पण ती तुमची आहे. मी काय, आज आहे उद्या नाही. शेत तुम्हालाच राहणार. पाळी गेली तर ते मातीमोल. तेव्हा तुम्ही दोघं बोला.”

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आमटीच्या वाटीत बघितलं. आमच्याकडे महत्त्वाच्या सगळ्या गोष्टी त्या वाटीत असतात बहुतेक.

“बोल की,” मी म्हटलं.

“आई म्हणेल तसं.”

“आई तुला विचारताहेत!”

“मग तू सांग.”

माझा पारा चढला. इतके महिने मी चिखलात उभी, निर्णय घ्यायचा तेव्हाही मीच? मला फार मोठं काही वाटलं नाही हो तेव्हा. नदी, दोन देश, वन्संची झाडं, यातलं काही मनात आलं असं सांगितलं तर खोटं होईल. मला फक्त ते फावडं दिसलं. “सोडून द्या,” मी म्हटलं. “मला त्या रिकाम्या शेतात परत उभं राहायचं नाही. जाऊ दे ती पाळी एकदाची.”

म्हटलं, आणि लगेच ते शब्द परत घ्यावेसे वाटले. कारण ते शेत एक दिवस माझं होणार होतं, आणि मला ते हवं होतं. त्या क्षणापर्यंत मला माहीतही नव्हतं किती. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, म्हणतील, नीट विचार कर. त्या म्हणाल्या, “जेव. गार होतंय.”

पहिली पाळी कोरडी गेली. पाटकरी आला, बूट दाबला, धूळ झटकली, मान हलवून गेला. त्या पाळीचं पाणी अर्थातच मधल्यांनी ओढलं. वन्संकडून फोन नाही. दुसऱ्या पाळीच्या दिवशी सकाळपासून सासूबाई गोठ्यातच काम काढून बसल्या. कालवा काठोकाठ वाहत होता, आमचं गेट बंद होतं, आणि मी उगाच चार वेळा तिकडे जाऊन आले. एकदा तर गेटच्या चाकावर हातही ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाटकरी आला. बूट दाबायच्या आधीच त्याला दिसलं. तो शेताच्या कडेला उभाच राहिला.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “एक बादली ओता ना इथे. एवढ्याशा जागेत. मी तिथेच बूट ठेवतो. कुणाला कळणार नाही.”

त्याने आपणहून खोटं बोलायची तयारी दाखवली, नोकरीवर पाणी सोडायची जोखीम घेऊन. मी सांगते, बादली हौदाजवळच होती. मी तिच्याकडे बघितलं. सासूबाईंनी मी बघितलेलं बघितलं.

“बूट दाब,” त्या म्हणाल्या.

“काकू, ही दुसरी आहे. परत मिळायची नाही.”

“मला मोजता येतं. दाब.”

त्याने बूट दाबला. उचलला. तळाला पिठासारखी धूळ.

“काय आहे?”

“कोरडा.”

“मग कोरडा लिही. आणि टेलचं पाणी वाटेत कुणी ओढलं तर मला येऊन सांग. मी गेटवर बसायला अजून म्हातारी झालेली नाही.”

तो गेला. सासूबाई शेताच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी जवळ गेले नाही. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातलं कुठलं त्यांच्यामुळे आणि कुठलं त्या शेतामुळे हे मला सांगता येणार नाही. आता तिथे आम्ही गवताचे गठ्ठे रचतो. जागा कोरडी आहे, माल चांगला राहतो.

पुढच्या पाळीनंतर वन्संचा फोन आला. सासूबाईंनी तो इतक्या झटकन उचलला की हातातला चारा खाली पडला. स्पीकर चालू होता, त्यांना तो बंद करता येत नाही.

“आई, पाणी आलं! टेलला आलं! सगळ्या झाडांना नाही पुरलं, पण निम्म्यांच्या वर वाचतील. पाटकरी स्वतः पंप बंद करत फिरत होता!” वन्संचा आवाज चिरकला होता. मग त्या सावरल्या आणि नेहमीच्या सुरावर आल्या. “कानावर आलं, तुम्ही साहेबांकडे गेला होतात. त्यांनी शेवटी काहीतरी केलं वाटतं. बघ, नीट बोललं की माणसं ऐकतात. तुझ्यासारखं पाळी-पाळी करत बसलं असतं तर गेली असती बाग.”

मी फोनकडे झेपावले. सासूबाईंनी मला हाताने थोपवलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “ऐकलं साहेबांनी. तू आता फोनवर काय करतेस? दारं कोण धरतंय?” आणि ठेवून दिला.

मी भडकले. काय काय बोलले ते सांगत नाही. ज्या माणसाने पंख्याकडे बघण्यापलीकडे काही केलं नाही, त्याला श्रेय? आणि जिने आपल्या हाताने पोराचा वाटा सोडला, तिला टोमणा? “सांगा त्यांना,” मी म्हटलं. “नाहीतर मी सांगते.”

“सांगितलंस तर ती गेट बंद करेल,” सासूबाई म्हणाल्या. खाली पडलेला चारा गोळा करत होत्या. “झाडं वाळू देईल, पण भावाच्या वाट्याचं पाणी घ्यायची नाही. माझ्याच पोटची आहे.”

तेव्हापासून मी गप्प आहे. गवतवाला येतो, गवत टाकतो, लिंबं घेऊन वर जातो. हंगामाची पहिली पाटी मात्र वन्सं न चुकता साहेबांना पाठवतात, उपकाराची जाण म्हणून. ट्रक आमच्या दारात थांबतो, सासूबाई पाटी स्वतः उतरवून घेतात, त्यातली डागाळलेली लिंबं काढून चांगली वर रचतात आणि माझ्या हातात देतात. “जा, साहेबांना देऊन ये.”

मी जाते. साहेब दर वेळी उठून उभे राहतात आणि संकोचून म्हणतात, “अहो, कशाला हे? मी फक्त माझं काम केलं.” आणि मी, दातावर दात धरून, म्हणते, “हो ना.”